बर्डीची हातघाई

गेल्या मे महिन्यात आमच्या घरी एक वाद चांगलाच रंगला. नागपूरचं ऊन, दारं-खिडक्या बंद, कूलरसमोर चटईवर दोन मुलं पालथी पडलेली आणि दोघांच्या हातात मोबाईल. एक माझा मुलगा, दुसरा माझ्या भावाचा. वाद अभ्यासाचा असता तर मी मधे पडले नसते. वाद होता बंदुकीच्या खेळांचा.

भाच्याचं म्हणणं असं: ज्या खेळात भिंतीच्या, दगडाच्या, झाडाच्या आड लपायचं आणि नेम धरून गोळी घालायची, त्या खेळात चाकू, कोयता, ठोसे ही भानगड ठेवतातच कशाला? बंदूक शोधून माणसाला पाच-सहाशे वर्षं झाली. आता कोणी तवा घेऊन अंगावर धावून आला तर तो विनोद झाला, लढाई नाही. माझ्या मुलाचं म्हणणं उलट. आडोशामागे बसून दोन्ही बाजू गोळ्याच घालत राहिल्या तर खेळ संपणार कधी? कोणीतरी उठून पळत जायला हवंच.

भाचा माझ्याकडे वळून म्हणाला, "फुफी, तुम्हीच सांगा. खऱ्या लढाईत असं होतं का?"

मी भाषा शिकवते, उर्दू आणि मराठी. बंदुकीला आजवर हात लावलेला नाही, आणि खेळात तर मी पहिल्याच मिनिटाला मरते. पण प्रश्न खऱ्या लढाईचा होता, आणि त्याचं उत्तर आमच्याच शहरात, ज्या बर्डीला आम्ही ईदचे कपडे घ्यायला जातो तिथे, एका टेकडीवर आहे. त्या दुपारी दोघांना जे सांगितलं आणि नंतर वाचून जे जुळवलं, ते इथे लिहिते आहे.

आधी ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द. लपून गोळी घालायच्या खेळाला मुलं 'कव्हर शूटर' म्हणतात. १९९५ साली 'टाइम क्रायसिस' नावाचा जपानी खेळ आला. त्यात पायाखाली एक पेडल असायचं. पाय दाबला की तुम्ही आडोशाबाहेर, पाय उचलला की पुन्हा आत. २००३ च्या 'किल स्विच'मध्ये आडोशाला पाठ लावून डोकं बाहेर काढायची कल्पना पक्की झाली, आणि २००६ च्या 'गिअर्स ऑफ वॉर'ने ती जगभर पोचवली. आपल्याकडची मुलं जो 'बीजीएमआय' खेळतात तो या घराण्यातला अगदी सख्खा नव्हे, पण आडोसा, डोकावणं आणि नेम यांचाच खेळ. त्यातला तो तवा मात्र खरा. पाठीला लटकवला तर गोळी अडवतो आणि हातात घेतला तर डोकं फोडतो.

मराठीत या दुसऱ्या प्रकाराला फार नेमका शब्द आहे: हातघाई. 'लढाई हातघाईवर आली' असं आपण म्हणतो. उर्दूत 'दस्त-ब-दस्त लडाई'. उर्दू शब्दात फक्त हात आहेत, मराठी शब्दात हातासोबत घाईही आहे. मला मराठी शब्द अधिक खरा वाटतो. लढाई हातघाईवर 'येते', म्हणजे ती आधी दुसरीकडे कुठेतरी असते, लांबवर, बंदुकांच्या टप्प्यात. मग काहीतरी घडतं आणि ती इथवर येऊन पोचते. ते 'काहीतरी' काय असतं, हाच खरा प्रश्न.

आता चला १८१७ सालात.

नागपूरच्या गादीवर मुधोजी भोसले, म्हणजे अप्पासाहेब. १८१६ च्या तहाने त्यांनी कंपनी सरकारची तैनाती फौज पत्करली होती आणि वर्षभरात ते जोखड त्यांना काचू लागलं होतं. ५ नोव्हेंबर १८१७ ला पुण्याजवळ खडकीला पेशव्यांची इंग्रजांशी लढाई झाली. २४ नोव्हेंबरला अप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेला सेनापतिपदाचा मान भर दरबारात स्वीकारला. पुढे काय होणार हे इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सला कळून चुकलं. त्याच्याजवळची फौज सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर चढली. एक मोठी टेकडी, एक लहान आणि मधे चिंचोळा खोलगट भाग. नेतृत्व लेफ्टनंट कर्नल स्कॉटकडे. माणसं १४०० च्या आसपास: मद्रासच्या २० व्या आणि २४ व्या पलटणींचे शिपाई, बंगालच्या ६ व्या रिसाल्याच्या तीन तुकड्या, चार लहान तोफा. समोर भोसल्यांची फौज १८ ते २० हजारांची, तिच्यात ३५-३६ तोफा. आणि त्या फौजेचा कणा होते अरब.

हे अरब हद्रमौतकडचे, आजच्या यमनमधले. त्या काळी निजाम, पेशवे, भोसले असे सगळेच त्यांना पगारावर ठेवत, आणि इतर शिपायांपेक्षा त्यांचा पगार जास्त असे. हातात तोड्याची लांब बंदूक, कमरेला वाकडा जंबिया. म्हणजे एकाच माणसाजवळ दोन्ही लढाया, लांबची आणि जवळची.

२६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला. लहान टेकडीच्या पायथ्याशी वस्तीची घरं होती. अरबांनी ती घरं धरली आणि भिंतींच्या आडून वर गोळ्या घालू लागले. वर २४ व्या पलटणीचे शिपाई. रात्री दोन वाजेपर्यंत हे चाललं. लहान टेकडीवर पुन्हा पुन्हा चढाई झाली आणि दर वेळी ती परतवली गेली. तिथला कॅप्टन सॅडलर मारला गेला. मग पहाटेपर्यंत जरा उसंत मिळाली. त्या उसंतीत वरच्यांनी काय केलं माहीत आहे? गव्हाची आणि पिठाची पोती रचून आडोसा उभा केला. हे मी सांगितलं तेव्हा दोन्ही पोरं उठून बसली. खेळातली पोत्यांची भिंत त्यांना रोज दिसते. पण ती रेतीची असते. बर्डीवरची भिंत पिठाची होती.

म्हणजे बघा, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत दोन्हीकडे आडोसे, दोन्हीकडे बंदुका, माणसं मरताहेत, आणि जमीन तिथेच. एक हातसुद्धा कोणाची पुढे सरकलेली नाही.

असं का होतं? हिशेब साधा आहे. त्या वेळच्या चकमकीच्या बंदुकीतून तरबेज शिपाई मिनिटाला दोन-तीन गोळ्या घालू शकत असे. तोड्याची बंदूक त्याहून सावकाश चालायची. नेम कसाबसा शंभर यार्डांपर्यंत. शंभर यार्ड सपाटीवर धावायला माणसाला वीस-पंचवीस सेकंद लागतात, चढावर त्याहून जास्त. म्हणजे पोत्यांमागच्या शिपायाला धावत येणाऱ्यावर एक, फार तर दोन गोळ्या घालता येतात. त्याने धीर सोडला नाही आणि बाजूच्या पन्नास जणांनी एकदम बार काढला, तर धावणारे मधेच कोसळतात. रात्रभर तेच झालं. पण बार चुकला किंवा घाबरून लवकर सुटला, की मग दारू भरायला वेळ नाही. मग बंदुकीच्या तोंडाला लावलेली संगीन.

संगीन हा शब्द आपण फारसीतून घेतला. संग म्हणजे दगड. उर्दूत बंदुकीच्या टोकाचं पातंही संगीन आणि गंभीर गोष्टही संगीन. 'मामला संगीन है' असं म्हणतो ना, तेच.

२७ च्या सकाळी रात्रभर लढून दमलेल्या २४ व्या पलटणीला मोठ्या टेकडीवर हलवलं होतं आणि लहान टेकडीवर नवी माणसं आली होती. तेवढ्यात तिथल्या दारूगोळ्याच्या गाड्याचा स्फोट झाला. धूर, किंकाळ्या, गोंधळ. ज्या चार-सहा क्षणांत बार निघायला हवा होता त्याच क्षणांत तो निघाला नाही. अरब वस्तीतून उठले आणि तलवारी उपसून वर आले. जी टेकडी रात्रभरच्या गोळ्यांनी पडली नाही ती काही मिनिटांच्या हातघाईने पडली. तिथलीच तोफ फिरवून त्यांनी ती मोठ्या टेकडीवर डागली. रेसिडेंटचा सहाय्यक सॉथबी त्या सुमारास मारला गेला. मोठी टेकडी आता उघडी पडली होती. लढाई भोसल्यांच्या हातात आली होती.

इथे दुसरी हातघाई झाली. रेसिडेन्सीच्या बाजूला सपाटीवर कॅप्टन फिट्झजेराल्डचा रिसाला उभा होता. त्याने हल्ल्याची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. पुन्हा मागितली. स्कॉटने शेवटी कळवलं की करायचं तर स्वतःच्या जबाबदारीवर कर. फिट्झजेराल्डने ती जबाबदारी घेतली, भोसल्यांच्या घोडदळावर तुटून पडला आणि त्यांच्या दोन तोफा घेतल्या. टेकडीवरून हे सगळं दिसत होतं. खचलेल्या शिपायांना त्यामुळे उभारी आली. त्याच वेळी लहान टेकडीवर, आता अरबांच्या ताब्यात असताना, पुन्हा दारूगोळ्याचा स्फोट झाला. या वेळी गोंधळ अरबांत होता. इंग्रजांकडचे शिपाई मधला खोलगट भाग ओलांडून संगिनींनी भिडले आणि टेकडी परत घेतली. ही तिसरी हातघाई. दुपारपर्यंत सगळं संपलं. कंपनीचे ३६७ मेले आणि जखमी झाले, म्हणजे दर चार माणसांत एक.

तिन्ही वेळा क्रम तोच आहे. आधी आडोसा, मग कोंडी, मग कुठूनतरी पडलेली फट, आणि त्या फटीतून हातघाई. आडोशाने जीव वाचतो. जमीन मिळते ती उठून गेल्यावरच.

पण भाच्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, हेही याच लढाईचा पुढचा भाग सांगतो. १६ डिसेंबरला अप्पासाहेब शरण आले, पण अरबांनी महालातला राजवाडा आणि शहर सोडायला नकार दिला. २४ डिसेंबरला इंग्रजांनी जुम्मा दरवाज्यावर, म्हणजे आजच्या गांधी गेटवर, धावून जाऊन हल्ला केला. आता पात्रं बदलली होती. अरब आडोशामागे आणि इंग्रजांची माणसं उघड्यावर. समोर फट नव्हती, धीर सुटलेला नव्हता. हल्ला फसला. शेवटी बोलणी करावी लागली आणि ३० डिसेंबरला अरब सुरक्षित वाट घेऊन बाहेर पडले. म्हणजे नुसतं शौर्य दाखवत धावून गेल्याने काही होत नाही. फट नसताना धावणं ही आत्महत्या आहे.

"ते तोड्याच्या बंदुकांचं झालं," भाचा म्हणाला. "आता मशीनगन आहेत." बरोबर. म्हणून मी त्याला आपल्या कोकणातल्या एका माणसाची गोष्ट सांगितली. नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन चालली. ते सोडून तुकडीतला प्रत्येक जण मेला किंवा जखमी झाला. घाडगे एकटे त्या मोर्चावर धावून गेले. हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा गारद केला, आणखी एकाला गोळी घातली. दोघं उरले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. त्यांनी आपली बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने त्या दोघांना मारलं. आणि लगेच लपलेल्या शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे.

बर्डी आणि टायबर यांच्यात १२७ वर्षं आहेत. बंदूक कुठल्या कुठे गेली, पण तिच्यातली फट तीच राहिली: भरायला लागणारा वेळ. पूर्वी तो वीस सेकंद होता, आता दोन. त्या दोन सेकंदांत माणूस समोर असेल तर बंदूक ही एक लोखंडी काठी असते. आणि घाडग्यांचा शेवट दुसरं सत्य सांगतो. हातघाई जिंकली तरी तुम्ही उघड्यावर असता.

मुलं थोडा वेळ गप्प होती. मग माझ्या मुलाने 'फौजी'ची आठवण काढली. २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली आणि लगेच त्या देशी खेळाची घोषणा झाली. २६ जानेवारी २०२१ ला तो आला तेव्हा वर्गातली मुलं किती आतुर होती ते मला आठवतं. खेळ गलवानचा होता, आणि आत बंदूकच नव्हती. ठोसे, लाथा आणि वाटेत सापडेल ते दांडकं. मुलं हिरमुसली. "मॅडम, फौजेच्या खेळात बंदूक नाही?" मी सांगितलं, गलवानमध्येही ती चालली नव्हती. १९९६ च्या भारत-चीन करारात असं ठरलं आहे की प्रत्यक्ष ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही. १५ जून २०२० च्या रात्री आपले २० जवान गेले ते दगड, दांडके आणि थंडगार नदीच्या खोऱ्यात झालेल्या झटापटीत. एकविसाव्या शतकातल्या दोन अण्वस्त्रधारी देशांची ही लढाई. खेळ म्हणून 'फौजी' कंटाळवाणा असेल, तोच तो ठोसा पुन्हा पुन्हा. पण बंदूक नाही म्हणून तो खोटा नव्हता.

तर माझं मत असं झालं आहे. लपायच्या खेळात हातघाई हवी; नसेल तर आडोसा खोटा पडतो, कारण आडोशाची खरी भीती गोळीची नसते, कोपऱ्यावरून कोणीतरी येईल याची असते. पण ती महाग हवी. ज्या माणसाला दहा गोळ्या लागून काही होत नाही तो एका ठोशात आडवा होतो, असे खेळ मुलांनी मला दाखवले. भाच्याचा राग त्यांच्यावर असेल तर तो रास्त आहे. याउलट 'गिअर्स ऑफ वॉर'मधली ती बंदुकीखालची करवत बघा. आमच्या मुलांना तिचं बीभत्स रूपच आवडतं, मला नाही. पण नियम शहाणा आहे: करवत उगारून तुम्ही पुढे जात असताना समोरून गोळ्या लागल्या की ती खाली येते. फट असेल तरच पोचाल. जुम्मा दरवाज्याचा धडा ज्याने कोणी तो नियम केला त्याला ठाऊक नसेल. नियम मात्र तोच आहे.

आणखी एक गोष्ट त्या दुपारी मी मुलांना सांगितली, ती खेळाच्या नियमात बसत नाही.

खेळात दोन रंग असतात, आपले आणि त्यांचे. बर्डीवर कोण होतं? भोसल्यांच्या हिंदू गादीसाठी लढणारे अरब मुसलमान. इंग्रजांच्या बाजूला मद्रासकडचे हिंदू-मुसलमान शिपाई आणि बंगालच्या रिसाल्यातले उत्तर हिंदुस्थानी स्वार, त्यांत कितीतरी मुसलमान. ती २४ वी पलटण तर मूळची पहिली. १८०६ मध्ये वेल्लोरला, जिथे टिपू सुलतानची मुलं नजरकैदेत होती, तिथे इंग्रजांविरुद्ध उठाव झाला आणि त्या कलंकापायी पलटणीचा जुना क्रमांक गेला होता. बर्डीच्या लढाईनंतर शिपायांनी बक्षीस म्हणून तो क्रमांकच मागितला आणि तो मिळाला. म्हणजे पिठाच्या पोत्यांमागचा माणूस इंग्रजांसाठी लढत नव्हता, आपल्या पलटणीच्या अब्रूसाठी लढत होता. खालचा अरब घरापासून समुद्रापार आलेला, पगारासाठी. रात्रभर ते एकमेकांना ठिणगीसारखे दिसले असतील. चेहरा दिसला तो सकाळी, हात पोचेल इतक्या जवळून.

या २६ जानेवारीला मी दोघांना किल्ल्यावर नेलं. लढाईनंतर इंग्रजांनी मोठ्या टेकडीवर बांधलेला हा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि वर्षातून मोजक्या दिवशी, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला, लोकांसाठी उघडतो. आत इंग्रजांच्या कबरी आहेत. नौगजा अली बाबांची मजारही आहे. टिपूचा नातू नवाब कादर अली आणि त्याच्या आठ साथीदारांना १८५७ मध्ये इथे फाशी दिली आणि इथेच पुरलं, असं सांगतात. मी फातिहा वाचला. खाली मेट्रो जात होती, बाजूला टेकडी गणपतीच्या घंटा वाजत होत्या.

भाचा तटाशी उभा राहून खाली बघत होता. अंतर मोजत असावा. म्हणाला, "फुफी, इथून पळत वर यायचं? पोत्यांमागून गोळ्या सुरू असताना?"

"हो."

"मी नसतो आलो," तो म्हणाला. मग थोडा थांबून, "पण तो अरब आला."

घरी येताना बर्डीच्या गर्दीत दोघं पुढे चालत होते आणि वाद पुन्हा सुरू झाला होता. आता विषय वेगळा होता: या लढाईचा खेळ केला तर खेळणाऱ्याने कोणाच्या बाजूने उभं राहायचं? मला विचारलं असतं तर मलाही सांगता आलं नसतं. त्यांनी विचारलं नाही.